चार्ज घेताना

संपादकांचं पत्र आलं, की तुम्ही निजामाच्या काळात रेल्वेत होतात, तर आमच्या दिवाळी अंकासाठी काही थरारक लिहा. थरारक म्हणजे त्यांच्या मनात काय आहे ते मला न सांगता कळतं. दोन गाड्यांची टक्कर, नाहीतर पुलावर दिसणारी पांढऱ्या साडीतली बाई. माझं दुर्दैव असं, की सबंध नोकरीत माझ्या स्टेशनात टक्कर झाली नाही आणि बाईही दिसली नाही. ज्याच्या हातून काही घडलं नाही तो चांगला स्टेशनमास्तर, असं आमच्या धंद्यात मानतात. अशा माणसाला दिवाळी अंकात जागा मिळणं अवघड आहे, हे मला मान्य. म्हणून मी एका शब्दाबद्दल लिहितो. त्या शब्दानं माझं जेवढं रक्त आटवलं, तेवढं कुठल्या भुतानं आटवलं नसतं.

शब्द आहे 'चार्ज'.

आमच्या वेळी परभणी जिल्ह्यात इंग्रजी फारशी कुणाच्या वाट्याला येत नसे. शाळा उर्दूत, घर मराठीत आणि बाजार दोन्हींत. कचेरीत जा, कोर्टात जा, सगळीकडे उर्दू. इंग्रजी राहायची ती रेल्वेच्या तारेच्या कुंपणाच्या आत. परभणीच्या शाळेत आम्हाला इंग्रजीला एक मुन्शीजी होते. त्यांनी चार्ज म्हणजे 'इल्जाम', आरोप, असं सांगितलं होतं आणि ते आम्ही पाठ केलं होतं. पुढे रेल्वेत लागलो, तार शिकलो, दोन-तीन वर्षं मोठ्या स्टेशनात उमेदवारी केली आणि एक दिवस हुकूम आला, की अमक्या स्टेशनचा चार्ज घ्या. मी पेडगावला घरी जाऊन मोठ्या आनंदानं वडलांना तो वाचून दाखवला, आणि पदरचं ज्ञान म्हणून मुन्शीजींचा अर्थही सांगितला. वडील शेतकरी माणूस. त्यांचा चेहरा उतरला.

"नोकरी लागून किती दिस झाले रे तुला? अन् लगीच इल्जाम? अन् तोबी आपणच जाऊन घ्यायचा?"

शेजारी तहसिलीतला एक कारकून बसला होता. तो म्हणाला, "काका, म्हणजे कारभार हाती घ्यायचा. आमच्याकडं ह्यालाच जायजा म्हणतात. पोरगं मास्तर झालं तुमचं." तेव्हा कुठे वडलांचा जीव भांड्यात पडला. पण पुढची तीस वर्षं बघता वडलांचं काही फार चुकलं होतं असं मला वाटत नाही.

नोकरीत शिरल्यावर कळलं, की साहेबानं हा एकच शब्द आणला आणि सगळीकडे तोच वापरला. साहेबाला कंजूष म्हणतात ते उगाच नाही. मालाचं भाडं म्हणजे चार्ज. माल वेळेत उचलला नाही तर वर दंड, तोही चार्ज. आमच्या तारेच्या यंत्राला काचेच्या बरण्यांतून वीज मिळायची. त्यांतलं नवसागराचं पाणी आटलं, की यंत्र कण्हायला लागायचं. मग नवं पाणी ओतायचं, तोही चार्ज. लाइनीखाली टाकायच्या खडीसाठी टेकडीवर सुरुंग लावत, भोकात दारू ठासली, की मुकादम तिथून ओरडायचा, "चार्ज भरला, हटाव!" आणि आम्ही कान झाकायचो. दवाखान्यातली मोठी नर्स म्हणजे इनचार्ज. निजामाच्या शेवटच्या वर्षांत हा शब्द लाठीच्या मागेही येऊन बसला. त्यावर विनोद करण्यासारखं काही नाही, म्हणून करत नाही.

एकदा मी डिक्शनरी काढून बसलो. त्या एका शब्दाला जवळजवळ अख्खं पान होतं. वाचून झाल्यावर वाटलं, ह्या पानात माझी सगळी नोकरी आहे, पगार सोडून.

गिऱ्हाइकांना मात्र ह्यातला एकच चार्ज माहीत होता, पैशाचा. एक म्हातारे पाटील होते, पोखर्णीच्या नरसिंहाला जायला निघालेले. बगलेत कोंबडा. कोंबडा बरोबर असेल तर टोपलीत घालायचा आणि त्याचा वेगळा चार्ज भरायचा, असा नियम. आमच्या भाड्याच्या पुस्तकात हत्तीपासून मधाच्या पोळ्यापर्यंत सगळ्यांचे दर होते. मी म्हणालो, "पाटील, कोंबड्याचा चार्ज पडेल."

"कामून?"

"गाडीत बसतोय ना तो."

"गाडीत कुठं? माह्या मांडीवर बसायलाय. मांडीचं भाडं घेयालाव का तुमी?"

मी पुस्तक चाळलं. मांडीचा दर नव्हता. कोंबडा फुकट गेला आणि पाटील फाटकातून मला डोळा मारून गेले.

पण आमचा खरा चार्ज वेगळा. बाहेरच्या माणसाला तो नीट समजावून सांगितला पाहिजे, नाहीतर पुढची हकीगत कळायची नाही. आमची लाइन एकेरी. जायला आणि यायला एकच रूळ. तेव्हा एका स्टेशनातून सुटलेली गाडी पुढच्या स्टेशनात पोचेपर्यंत मध्ये दुसरी घुसता कामा नये. त्यासाठी दोन्ही स्टेशनांत एकमेकांना तारेनं जोडलेली यंत्रं असत आणि त्यांत लोखंडी गोळे. पुढच्या मास्तरनं मान्यता दिली, की आपल्या यंत्रातून एक गोळा सुटतो. तो ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी हलायची नाही. गोळा काढायचा हक्क फक्त त्या मास्तरचा, ज्याच्याकडे त्या घटकेला स्टेशनचा चार्ज आहे. मग तो तापानं फणफणलेला असो, की त्याच्या घराला आग लागलेली असो.

आणि चार्ज नुसता तोंडानं देता येत नसे. एक लांबलचक यादी असे. जुन्या मास्तरनं वाचायची, नव्यानं मोजायची, खाली दोघांनी वेळ घालून सह्या करायच्या. तिकिटं, गल्ला, गोळे, हिरवी-तांबडी निशाणं, कंदील, घड्याळ, बाकं, पाण्याचा माठ, त्यावरची झाकणी. जी वस्तू यादीत आहे ती सही केल्यापासून तुमची. नसली, तरी तुमची.

हे 'नसली तरी' मला माझ्या पहिल्याच स्टेशनात कळलं. मला चार्ज देणारे मास्तर फार गोड माणूस. भजी मागवली, चहा मागवला, म्हणाले, "अहो घरचीच यादी हाय, काय मोजायचंय त्यात? हितं सही करा." मी केली. आठ महिन्यांनी साहेब तपासणीला आला. यादी हातात घेऊन एकेका वस्तूवर टिचकी मारत गेला आणि शेवटी आवारात जाऊन उभा राहिला.

"लिंबाची झाडं सात. सहाच दिसायलेत."

मी म्हणालो, "साहेब, मी आल्यापासून सहाच आहेत."

"सही तुमची आहे."

मग मला चार्जशीट मिळालं. मी सरकारी लिंबाचं एक झाड गहाळ केल्याचा आरोप होता. मी उत्तर लिहिलं, उत्तराला उत्तर आलं. शेवटी वैतागून मी लिंबाचं एक रोप आणून लावलं आणि कळवलं, की झाडं सात झाली. वरून विचारणा आली, की यादीत 'झाड' आहे, 'रोप' नाही, सबब खुलासा करावा. ते रोप मोठं होईपर्यंत थांबायची त्यांची तयारी नव्हती. सहा महिने माझी पगारवाढ अडकली. लग्न नुकतंच झालेलं. बायको म्हणायची, "सगळ्या जगाच्या नवऱ्यांना बाईचं नाहीतर बाटलीचं वेड असतंय. माझ्या नवऱ्याची बढती झाडानं खाल्ली." ती हसून म्हणायची, पण मी मनाशी गाठ मारली, की यापुढे बापानं जरी चार्ज दिला तरी मोजल्याशिवाय सही करणार नाही.

ही गाठ मी पाळली. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

लढाईची वर्षं होती. मला तेव्हा बदलीवर फिरवत. कुठला मास्तर रजेवर गेला, की त्याच्या जागी जायचं, चार्ज घ्यायचा, तो परत आला की द्यायचा. श्रावणात एका सकाळी हुकूम आला, की पोखर्णी आणि गंगाखेडच्या मधल्या एका लहान स्टेशनात जा. स्टेशनचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथं आजही कुणी मास्तर असेल, त्याच्या डोक्याला ताप नको.

तिथले मास्तर नरहरराव. पंचावन्नीला टेकलेले, काटकुळे, धोतरावर रेल्वेचा काळा कोट आणि कोटाला एकही सुरकुती नाही. मूळचे राणीसावरगावचे. घरी जमीन, मुलगा ती बघायचा, बायको तिकडेच असायची. हे इथं एकटे, हातानं करून खायचे. साऱ्या लाइनीवर त्यांचं नाव होतं, की ह्या माणसाच्या नोकरीच्या पुस्तकात आजवर एकही वाकडा शेरा नाही. निवृत्तीला काही महिनेच उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालगाडीनं आठाच्या सुमाराला पोचलो तेव्हा ते फलाटावरच उभे होते.

"या मास्तर. चहा घ्या, अन् लगीच कामाला लागू. अकराच्या मिक्सनं निघायचंय मला. घरी लय बिमार हाय."

मिक्स म्हणजे पुढे मालाचे आणि मागे माणसांचे डबे असलेली गाडी. दिवसातून एकदाच गंगाखेडकडे जायची. ती गेली, की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रुळावर शेळ्या. रस्त्यानं जावं तर मध्ये गोदावरी, आणि श्रावणातल्या गोदावरीत नाव घालायला कोळी तयार नव्हते. रेल्वेचा पूल तेवढा एक. मिक्सनं दुपारी गंगाखेडला उतरायचं, तिथून बैलगाडीनं दिवेलागणीच्या आत राणीसावरगाव, असा त्यांचा हिशोब होता.

बायको अत्यवस्थ असल्याची तार दोन दिवसांपूर्वी आली होती. आली होती म्हणजे त्यांनीच घेतली होती. गंगाखेडचा मास्तर तिकडून कळ दाबत होता आणि हे इकडे कडकट्ट ऐकत एकेक अक्षर लिहीत होते. सगळी तार लिहून झाल्यावर वेळ टाकली, खाली सही केली, आणि मग 'घेणाऱ्याची सही' म्हणून जो रकाना असतो तिथंही सही केली. मला ते रजिस्टर दाखवताना म्हणाले, "दोन सह्या माझ्याच दिसत्याल. घोटाळा न्हाई त्यात, तारच माझी व्हती."

त्याच घटकेला त्यांनी परभणीला रजेची तार केली होती. बदली माणूस म्हणून मी यायला दोन दिवस लागले. तोवर ते गाड्यांना निशाणं दाखवत बसले होते. दुसरं करणार काय? चार्ज कोणाला देणार?

आम्ही मोजायला बसलो. त्यांनी वाचायचं, मी मोजायचं. तिकिटं बरोबर. गल्ला पैशापर्यंत बरोबर. गोळे, निशाणं, कंदील बरोबर. झाडांचा आकडा आला तेव्हा मी उठून बाहेर गेलो आणि एकेका झाडाला हात लावून मोजून आलो. नरहरराव बघत राहिले.

"झाडंबी मोजायलाव?"

"एकदा पोळलोय."

ते हसले. "मोजा, मोजा. असंच पायजे."

साडेदहाला आम्ही शेवटच्या पानावर आलो. आगीच्या तांबड्या बादल्या, नग चार. भिंतीला टांगायचे आकडे चार होते. बादल्या तीन होत्या.

नरहररावांनी आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पॉइंटमनला हाक मारली. हा मारोती, रूळ बदलणं, झाडणं, दिवे लावणं, सगळं तोच करायचा. त्याला काही माहीत नव्हतं. "सकाळी व्हती की जी. आसंल हितंच कुठं."

आता इथं तीन वाटा होत्या, त्या सांगतो. एक, मी डोळे मिटून चार लिहायचं आणि सही करायची. दोन, 'एक बादली कमी' असा शेरा मारून सही करायची. असा शेरा म्हणजे चौकशी, चौकशी म्हणजे सिकंदराबादपर्यंत कागद, आणि निवृत्तीला आलेल्या माणसाचा सगळा पैसा ती फाइल बंद होईपर्यंत अडकून पडायचा. तीन, बादली शोधायची. एका बादलीची किंमत ती काय! बाजारातून मी दुसरी आणून टांगली असती तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. आज हे मला लख्ख दिसतं. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे लिंबाचं झाड उभं होतं.

मी म्हणालो, "शेरा मारू का?"

नरहररावांनी कोटाचं वरचं बटण काढलं आणि परत लावलं. मग म्हणाले, "नको. हुडकू. वेळ हाय अजून."

आम्ही हुडकायला लागलो. पंचावन्न वर्षांचा तो माणूस मालाच्या गोदामात वाकून पोत्यांच्या मागे बघत होता. मारोती विहिरीवर जाऊन आला, खडीच्या ढिगापर्यंत पळून आला. मी दिव्यांच्या खोलीत शोधलं, जिथं ती असणं शक्य नव्हतं. एवढ्यात यंत्राची घंटी वाजली. मागच्या स्टेशनाचा मास्तर मिक्ससाठी मान्यता मागत होता. नरहररावांनी कोट झटकला, यंत्रापाशी गेले आणि मान्यता दिली.

मिक्स आली. गार्ड उतरला. दखनी बोलणारा, दिलदार माणूस. त्याला नरहररावांची बायको बिमार असल्याचं सगळ्या लाइनीसारखं माहीत होतं. त्यानं आपल्या डब्याचं दार उघडंच ठेवलं होतं.

"आओ मास्तर साब, सामान चढाऊं?"

नरहररावांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं सामान म्हणजे एक छत्री आणि एक कापडी पिशवी, दोन्ही बाकावर सकाळपासून तयार. मी भिंतीवरच्या रिकाम्या आकड्याकडे बघत उभा होतो. खरं सांगतो, मला आकडाच दिसत होता, त्यांचं तोंड दिसत नव्हतं. मनात एवढंच, की हा माणूस निघून जाईल, बादली मिळणार नाही, आणि सही माझी असेल.

"दो मिनट ज्यादा खडी करता हूं," गार्ड म्हणाला. दोनाची पाच मिनिटं झाली. इंजिनानं एकदा शिट्टी मारली, मग दुसऱ्यांदा. डब्यातले लोक खिडकीतून डोकी काढून बघायला लागले.

नरहररावांनी बाकावरची पिशवी उचलली. वाटलं, निघाले. त्यांनी ती गार्डच्या हातात दिली.

"डाळिंबं हायत. गंगाखेडच्या मास्तरापाशी द्या. राणीसावरगावला जाणारं कुणी भेटलं तर म्हणावं पाठवून द्या."

मग यंत्रातून गोळा काढला, मारोतीकडून ड्रायव्हरला पोचवला, आणि फलाटाच्या टोकाशी उभं राहून हिरवं निशाण दाखवलं. चार्ज अजून त्यांच्याकडेच होता ना! ज्या गाडीत त्यांना बसायचं होतं, तिला 'जा' म्हणून निशाण दाखवायचं कामही त्यांचंच. हात सरळ, कोट सरळ. गाडीचा शेवटचा डबा नजरेआड होईपर्यंत त्यांनी निशाण खाली घेतलं नाही. नियमच तसा आहे.

गाडी जाऊन अर्धा तास झाला असेल. मारोतीची बायको, सत्यभामा, डोक्यावर गवताचा भारा आणि हातात तांबडी बादली घेऊन लाइनीच्या पलीकडून आली. आमची तिघांची तोंडं बघून ती थबकली.

"काय झालं जी? बादली हुडकायलाव व्हय? म्या म्हशीच्या आंबोणाला नेल्ती. रोजच नेते की." मग तिचं लक्ष गेलं. "अन् मास्तर हितंच? गाडी गेली न्हवं?"

ती बादली खाली ठेवून मटकन बसली आणि तोंडात मारून घ्यायला लागली. "माज्या हाताला किडे पडू दे! म्या म्हसरापायी... माय, काय केलं म्या!"

"उठ ग," नरहरराव म्हणाले. "तुला काय ठावं. घासून टांग तेवढी."

घासून टांगली. चार आकडे, चार बादल्या. मी सही केली, त्यांनी केली. वेळ टाकली बाराला दहा मिनिटं कमी. यादीच्या तळाला शेऱ्याची जागा होती. ती सहसा कोरी जाते. नरहररावांना कोरी जागा आवडत नसावी. त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि सुबक अक्षरात एक ओळ लिहिली, ती मी वाचली नाही, कारण मला मान वर करायची लाज वाटत होती.

मग त्यांनी छत्री घेतली.

"मास्तर, आता परवानगी तुमी द्यायची. लाइनीवरून चालायला मनाई हाय. स्टेशन तुमचं हाय."

"कुठं निघालात?"

"चालत जातो. पुलावर गाडी यायची न्हाई ना?"

मी रजिस्टर बघायचं नाटकसुद्धा केलं. "उद्या सकाळपर्यंत एकही नाही," मी म्हणालो. परवानगी मात्र मी ताबडतोब दिली. तेवढ्या बाबतीत माझी काही तक्रार येऊ शकत नाही. एकेका स्लीपरवर पाय टाकत ते गेले. मी यंत्रापाशी बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तार आली. गंगाखेडच्या मास्तरनं कळवलं, की नरहररावांच्या मंडळी काल दिवेलागणीला गेल्या. नरहरराव संध्याकाळी चिखलानं माखून गंगाखेडात पोचले होते, पण ओढे चढले होते आणि अंधारात गाडी हाकायला कुणी तयार झालं नाही. पहाटे निघून राणीसावरगावला गेले तोवर पोरानं अग्नी दिलेला होता. मी ती तार लिहून घेतली, खाली वेळ घातली, सही केली. सवयीनं.

दोन महिन्यांनी साहेबानं मला परभणीला बोलावलं. मी घाबरत गेलो. म्हटलं, काही ना काही निघालं असणार. साहेबाच्या पुढे नरहररावांच्या चार्जची यादी होती. त्यानं ती माझ्याकडे फिरवली. तळाला ती ओळ होती: 'नवीन मास्तरांनी चार्ज बारकाईने घेतला. माणूस भरवशाचा आहे.'

"नरहरराव कुणाबद्दल चांगलं लिहीत नाहीत," साहेब म्हणाला आणि मला मोठ्या स्टेशनाचा हुकूम दिला. पगार वाढला. लिंबाच्या झाडानं खाल्लेलं सगळं भरून निघालं आणि वर उरलं. पुढची माझी सगळी नोकरी त्या एका ओळीवर उभी आहे. घरी बायकोनं शिरा केला. मी ताट बाजूला सारलं. तिला कारण सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग इथं बसून काय करताय? जाऊन या त्यांच्याकडं."

दिवाळी होऊन गेल्यावर मी राणीसावरगावला गेलो. नरहरराव निवृत्त होऊन घरी आले होते. ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, अंगात बंडी. कोटाशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. त्यांनी पाणी दिलं, सुनेला भाकरी टाकायला सांगितलं, लाइनीवरच्या सगळ्यांची विचारपूस केली. मारोतीची म्हैस व्यायली का, तेही विचारलं. जेवण झाल्यावर मी धीर केला.

"नरहरराव, त्या दिवशी मी सही करून टाकायला पाहिजे होती."

"कामून?" ते म्हणाले. "बादली कमी व्हती. तुमच्या जागी मी असतो तर मीबी केली नसती."

ते माझी समजूत घालत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. आणि माझं मन हलकं झालं, हे मी कबूल करतो. एवढ्यासाठीच तर मी बैलगाडीत हाडं खिळखिळी करून आलो होतो.

"डाळिंबं पोचली व्हती," ते शेंगा सोलता सोलता म्हणाले. "आपल्या गावचा एक जण भेटला गार्डाला, त्यानं आणून दिली तिसऱ्या प्रहरी. सुनेनं चार दाणे घातले तोंडात. तिनं इचारलं म्हणं, डाळिंब आलं, अन् माणूस कुठं हाय?"

मी निघालो. ते गाडीपर्यंत सोडायला आले. गाडीवान बैल जुंपत होता. नरहररावांनी एका बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, सहीचं सोडा. निस्तं एकदा 'तुमी जा' म्हणायचं व्हतं."

गाडीत चढायला उचललेला पाय मी खाली घेतला.

"मी गेलो नसतोच," ते म्हणाले. "पण तुमी म्हणायला पायजे व्हतं."